४५ हजारांत कॅमेरा : चादरी, गड्डा आणि हिप्परग्याचे पक्षी

वेलबुट्टी :
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, घरातून चादरी-टॉवेल ऑनलाइन विकते. फोटो आतापर्यंत फोनवर काढले. पण लाल चादर म्हटली की फोटोत नुसता लाल गोळा, नक्षी गायब. मागच्या महिन्यात एका ताईंनी "फोटोतला रंग वेगळा, ही मरून आहे" म्हणून चादर परत पाठवली. जाण्यायेण्याचं कुरियर माझ्या पदरचं.

आता भिशी लागली आहे. ४५ हजार, त्यावर एक रुपया नाही. चादरींचे फोटो तर रोजचे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे) काढायचेत. आणि मुलगा आठवीत आहे, त्याला हिप्परगा तलावावरच्या पक्ष्यांचं वेड लागलंय.

एका दुकानात कॅनन १५००डी दाखवला. दोन लेन्स, बॅग, कार्ड आणि स्टँड "फ्री". स्टँडला बोट लावलं तर डुलायला लागला. शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं, डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) संपले, मिररलेसच (बिनआरशाचा) घ्या. ह्यांचं तिसरंच : फोनला ५० मेगापिक्सेल असताना २४ वाला कशाला? काय करू?

बाराबंदी :
ताई, १८ वर्षं लग्नाचे फोटो काढतोय म्हणून बोलतो. तुमच्या चादरीचा दोष निम्मा उजेडाचा आहे. खोलीतला दिवा चालू, खिडकीतून ऊन, दोन्ही उजेडांचे रंग वेगळे, मग कॅमेरा गोंधळतो. आज एवढं करून बघा : दिवे बंद, थेट ऊन न येणारी खिडकी, समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसण्याची सेटिंग) पांढऱ्या कागदावर लावा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं उणे करा. लाल रंग पटकन भरून जातो, मग त्यात वीण उरत नाही. फुकटात निम्मं काम होईल.

मेगापिक्सेलचं भाऊजींना सांगा, फोनचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) करंगळीच्या नखाएवढा. डीएसएलआरचा साधारण २३ बाय १५ मिलिमीटर. उजेड पकडायला जागा लागते.

१५००डी वाईट नाही, पण तुम्हाला नको. त्याचा स्क्रीन फिरत नाही. चादर जमिनीवर अंथरून वरून फोटो घ्यायचा तर स्टुलावर चढून मान मोडेल. शिवाय त्याच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिनच नाही, उद्या स्वस्तातला ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारा) आणला तर फ्लॅश पेटणार नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

कडक_भाकरी :
फ्री स्टँडवर कपडे वाळत घाला, कॅमेरा नको. 😄

माळढोक_कुठाय :
मॅडम, मुलासाठी सांगतो, मी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात १० वर्षं फिरतोय. पक्ष्याला लेन्स लागते, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) नंतर. १८-५५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये बगळा म्हणजे पांढरा ठिपका, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. ७०-३०० असली तर ठीक, निकॉनवर ती ४५०सारखी वागते. लांब झूमचे ब्रिज कॅमेरेही (लेन्स न बदलता येणारे) आहेत, निकॉन पी९५० तर २००० पर्यंत ओढतो. पण त्याचा सेन्सर एवढासा, ऊन उतरलं की फोटो खरबरीत. तुमच्या चादरीलाही तो कामाचा नाही. आणि खरं सांगू? आठवीतल्या पोराला आधी दुर्बीण द्या.

वेलबुट्टी :
खिडकीचा प्रयोग केला, थर्माकोल मुलाच्या जुन्या प्रोजेक्टचा. चादरीतला मोर दिसला! फोनवरच. आता ह्यांना वाटतंय कॅमेराच नको 😐 पण यात्रेचं काय?

बाराबंदी :
भाऊजींना म्हणावं भिशी ताईंची आहे.

यात्रेला दुपारचं ऊन, त्यात सगळे पांढऱ्या बाराबंदीत (बंद बांधायच्या अंगरख्यात). एवढं पांढरं बघून कॅमेरा फोटो काळपट करतो, चेहरे काळे पडतात. तिथे एक्स्पोजर अधिक करायचं, चादरीच्या उलट. शोभेच्या दारूकामाला खरा, न डुलणारा ट्रायपॉड : आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८ ते ११ (लेन्सचं छिद्र लहान), शटर दोन-तीन सेकंद उघडं.

जुना निकॉन डी५६०० बघा. स्क्रीन फिरतो, टचही आहे. किटची (कॅमेऱ्यासोबत येणारी) १८-५५ आणि जुनी ७०-३०० मिळून तुमच्या पैशात बसवता येईल. नवा मिररलेस दोन लेन्ससकट ४५ मध्ये बसवणं अवघड. एकच लक्षात ठेवा, या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असलं तरच घ्या, एएफ-डी घेतली तर फोकस हाताने फिरवत बसाल.

घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत ते) विचारा. लेन्समधून टॉर्च मारा, आत कोळ्याचं जाळं दिसलं तर बुरशी. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून ती कमी, पण कोकणातून आलेली लेन्स असू शकते. सोलापूरचा शत्रू धूळ. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, ठिपके दिसतील. दोन-चार असले तर साफ होतात, त्यावरून भाव पाडा.

वेलबुट्टी :
घेतला! डी५६००, दोन लेन्स, शटर काउंट १९ हजार. भिंतीवर तीन ठिपके निघाले, हजार रुपये कमी करून घेतले. उरलेल्यात ट्रायपॉड आणला, विकत.

मुलाने पहिल्याच दिवशी हिप्परग्याला २१२ फोटो काढले. त्यातले दोनशे एकाच पाणकावळ्याचे. पंख पसरून वाळवत बसला होता आणि हलत नव्हता म्हणे.