ब्राउझर उघडला की जुना संगणक हँग होतो: दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

माहुलीकर:

नमस्कार. आमच्याकडे साताऱ्यात २०११ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल कोअर आय-३ २१०० प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मुळात त्यावर विंडोज ७ होते, पुढे विंडोज १० करून घेतले. वापर बेताचाच आहे: वर्तमानपत्रे वाचणे, वीजबिल भरणे, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि माझे थोडेफार मराठी लेखन.

गेल्या काही महिन्यांपासून ब्राउझरमध्ये तीन-चार पाने उघडली की संगणक हँग होतो. माउसचा बाण हलत राहतो, पण कशावरही क्लिक केले तरी काही घडत नाही, उजव्या कोपऱ्यातले घड्याळही थांबते, आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा एरवी लुकलुकतो तो अखंड पेटून राहतो. मिनिट-दीड मिनिटाने सर्व काही आपोआप पूर्ववत होते आणि मधल्या काळात केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात. वर्डमध्ये तासन् तास टंकन केले तरी असा त्रास होत नाही, त्यामुळे दोष इंटरनेटचा असावा असे समजून आम्ही जास्त वेगाचा प्लॅन घेतला, परंतु काही फरक पडला नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करून दिले, तेव्हा थोडे दिवस बरे गेले. आता तो नवा संगणकच घ्या म्हणतो. खरोखर तशी वेळ आली आहे का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रात्रपाळी:

माहुलीकर, तुम्ही दिव्याचा आणि बाणाचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण हँग होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचे मूळ वेगळे असते. बाणासकट सर्व काही ठप्प होऊन बटण दाबूनच बंद करावे लागत असेल, तर संशय प्रोसेसरच्या तापण्यावर, रॅमच्या दोषावर, एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) किंवा मदरबोर्डावरच्या फुगलेल्या कपॅसिटरवर जातो. तुमच्याकडे तसे होत नाही. बाण हलतो, दिवा अखंड पेटतो आणि काही वेळाने गाडी रुळावर येते, याचा अर्थ विंडोज कशाची तरी वाट पाहत थांबलेले असते, आणि बहुतेक वेळा ती वाट हार्ड डिस्कची असते. इंटरनेटचा प्लॅन वाढवणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला.

नवीन काही विकत घेण्यापूर्वी एवढे करून पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातल्या परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक करून ती खिडकी बाजूला उघडीच ठेवा आणि नेहमीसारखे ब्राउझिंग करा. संगणक अडकेल तेव्हा ‘ॲक्टिव्ह टाइम’, ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ आणि वाचन-लेखनाचा वेग हे तीन आकडे पाहा. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून डिस्कची प्रकृती काय दाखवते ते इथे कळवा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम विभागात ‘डिस्क’ या स्रोताच्या काही नोंदी दिसतात का, तेही सांगा.

मधलीसुट्टी:

मला वाटते इतक्या खोलात शिरण्याची गरज नाही. ४ जीबी रॅम आजच्या संकेतस्थळांना पुरतच नाही, शिवाय त्यातली थोडी प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरते. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवते आणि तिथेच सगळे मंदावते. आणखी ४ जीबीची डीडीआर ३ पट्टी टाका. दोन अँटिव्हायरस एकत्र चालत असतील तर एक काढून टाका आणि ब्राउझरमधली बिनकामाची एक्स्टेन्शन बंद करा. यूट्यूब अडखळत असेल तर त्याचे कारण निराळे आहे: या जुन्या ग्राफिक्सला व्हीपी ९ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडता येत नाही, तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मात्र त्याने मिनिटभर घड्याळ थांबणार नाही, हे मान्य.

माहुलीकर:

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. हँग होते त्या वेळी डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के असतो, वाचन-लेखनाचा वेग जवळपास शून्य, आणि रिस्पॉन्स टाइम कित्येक हजार मिलिसेकंद दाखवतो. रॅम त्या वेळी ७० टक्क्यांच्या आसपास असते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’ असे येते. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या ओळीच्या शेवटी ३८ हा आकडा आहे, तर सी ७ या ओळीत सगळी शून्ये आहेत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘बॅड ब्लॉक’ असे शब्द असलेल्या, ७ क्रमांकाच्या पुष्कळ नोंदी दिसल्या.

रात्रपाळी:

मग निदान झाले. हार्ड डिस्क खराब होऊ लागली आहे. ते सॉफ्टवेअर आकडे सोळाच्या पायावर दाखवते, त्यामुळे ३८ म्हणजे आपल्या नेहमीच्या हिशेबाने ५६. इतके सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत आणि त्यांचे काय करायचे याचा निर्णय तिने राखून ठेवला आहे. असा सेक्टर वाचण्याची वेळ आली की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि मागची सर्व कामे रांगेत उभी राहतात. वेग शून्य असूनही डिस्क पूर्ण व्यग्र दिसते ती यामुळेच. सी ७ ही ओळ डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलमधल्या चुका मोजते. तिथे शून्य आहे म्हणजे केबलवर संशय घेण्याचे कारण नाही. तो आकडा वाढत असता तर आधी केबल बदलायला सांगितले असते.

आता वर्डमध्ये त्रास का नाही, याबद्दल. वर्डचा दस्तऐवज एकदा उघडला की तो रॅममध्ये असतो आणि डिस्कशी संबंध अधूनमधून, सेव्ह करतानाच येतो. ब्राउझरचे तसे नाही. प्रत्येक पानाची चित्रे आणि तुकडे तो कॅशमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या साठ्यात, लिहितो, आधीचे वाचतो, इतिहास आणि कुकीज यांच्या छोट्या डेटाबेसमध्ये सतत नोंदी करतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचनाचे टोक योग्य जागी नेण्याचा वेळ मिळवला तर विखुरलेली वाचने सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. म्हणजे निरोगी डिस्कचीही अशा कामात दमछाक होते, मग आजारी डिस्कची काय कथा! फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरे गेले यातही नवल नाही. क्विक फॉरमॅट डिस्कचा पृष्ठभाग तपासत नाही. फायली नव्या जागी लिहिल्या गेल्या, म्हणून काही काळ दुखऱ्या भागावर पाय पडला नाही इतकेच.

मधलीसुट्टी यांचे म्हणणे चूक नाही. रॅम अपुरी असली की पेज फाइलचा भार याच डिस्कवर येतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मात्र केवळ रॅम वाढवून हे दुखणे जाणार नाही.

आजच करायचे काम म्हणजे महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. लेखन आणि छायाचित्रे आधी, बाकीचे नंतर. एखादी फाइल अडली तर तिच्या मागे न लागता पुढची घ्या. कोणी ‘चेकडिस्क चालवा’ असा सल्ला दिला तर फायली बाहेर काढण्याआधी तो अजिबात ऐकू नका, कारण संपूर्ण पृष्ठभाग तपासताना मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन् तास ताण पडतो आणि कधी कधी ती त्यातच जाते.

कृष्णाकाठ:

एक भर घालतो. माहुलीकर मराठी लेखन करतात असे दिसते. जुने लेखन श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर केवळ दस्तऐवज उतरवून भागणार नाही, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधील ते फॉन्टही सोबत घ्या. नाहीतर नव्या मांडणीत फाइल उघडेल, पण ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची भेळ दिसेल. सवड मिळेल तसे ते लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावे.

खरेदीबाबत माझे मत असे की, नवा संगणक लगेच घेऊ नये. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली, चिपवर साठवण करणारी डिस्क) आणि ४ जीबीची रॅमची पट्टी एवढ्यावर हा संगणक तुमच्या कामासाठी आणखी काही वर्षे सहज चालेल. एच ६१ चे साटा पोर्ट जुन्या, ३ गिगाबिट वेगाचे आहेत, पण त्याने बिघडत नाही, कारण फरक जाणवतो तो विखुरलेल्या वाचनांमध्ये. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्याच्या भानगडीत पडू नका, खराब सेक्टरवर ती अडकेल. नव्याने इन्स्टॉल करा, आणि त्यापूर्वी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटाची पद्धत आयडीई असेल तर एएचसीआय करून घ्या. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तो पुन्हा लागू होतो.

खरी अडचण पुढे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर चालत नाही. तुमचा दुसऱ्या पिढीचा आहे. याच यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे असतील तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पाहावी. तिच्यात इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकन करता येते. जुन्या फॉन्टसाठी विंडोजच हवे असेल, तर ते ठेवा, पण पैशांचे व्यवहार त्यावर करू नका.

माहुलीकर:

सर्वांचे आभार. लेखन आणि फॉन्ट दोन्ही उतरवून घेतले. छायाचित्रांचा एक फोल्डर अडला, तो शेवटी ठेवला आहे. एसएसडी आणि रॅम मागवतो. जुनी डिस्क निदान चित्रपट ठेवायला वापरता येईल का? नाहीतर भंगारवाल्याला द्यावी म्हणतो.

रात्रपाळी:

गेले तरी चालेल असेच काही ठेवायचे असेल, तर बाहेरच्या केसमध्ये घालून वापरा. संगणकात मात्र जोडून ठेवू नका, ती अडकली की सगळे पुन्हा तिच्यासाठी थांबून राहील. अडलेला फोल्डर वाचवायचा असल्यास लिनक्समधले डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सुस्थितीतला भाग उचलते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. भंगारात देण्यापूर्वी एक लक्षात ठेवा की खराब सेक्टरमधला मजकूर पुसल्याची खात्री देता येत नाही. तिच्यावर आधार, पॅन किंवा बँकेची कागदपत्रे असतील तर वरचे झाकण काढून आतल्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडा, मगच द्या. काही डिस्कमध्ये तबकड्या काचेच्या असतात आणि तडकून तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या.