मदत हवी आहे: भाचीच्या खटल्यात सख्खा काका दोषी, मंगळवारी शिक्षेवर युक्तिवाद. आम्ही काय करू शकतो?

गोदाकाठ, नाशिक

पहिल्यांदाच लिहितेय. काही तपशील मुद्दाम बदललेत, मुलीची ओळख कुठल्याही अंगाने उघड होऊ नये म्हणून. कृपया प्रतिसादात कुणी गल्ली, शाळा, आडनाव विचारू नका. तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण माझा प्रश्नच तारखांवर अडलाय.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. एकत्र कुटुंब, वरच्या मजल्यावर काका-काकू, खाली ताई-दाजी आणि आजी. 2017 ची दिवाळीची सुट्टी आणि पुन्हा 2018 चा मे महिना. तेव्हा ती दहा वर्षांची होती. काय झालं ते मी लिहिणार नाही, ते तिने कोर्टात एकदा सांगितलंय, तेवढं पुरे. घरात ती चार वर्षं बोलली नाही. नववीत असताना वर्गशिक्षिकेला तिने वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या. त्या बाईंनी त्याच दिवशी 1098 ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांचे उपकार आम्ही विसरू शकत नाही. घरी आधी कळलं असतं तर ते पान चुलीत गेलं असतं, हे मला आज लिहावं लागतंय.

गुन्हा सप्टेंबर 2021 मध्ये नोंदला. काका आठ महिने आत होता, मग जामिनावर आला आणि त्याच इमारतीत राहायला लागला. ताई मुलीला घेऊन माझ्याकडे सिडकोत आली ती आजतागायत. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असं लिहिलंय म्हणे. आम्हाला साडेतीन लागली. जुन्या सीबीएसजवळच्या कोर्टात किती खेपा झाल्या ते मोजणं मी सोडून दिलं. न्यायाधीश बाईंनी साक्षीच्या वेळी तिला फार सांभाळून घेतलं. मध्ये पडदा होता, प्रश्न त्या स्वतः विचारत होत्या, दोनदा थांबवून पाणी दिलं.

गेल्या गुरुवारी त्याला दोषी ठरवलं. कोर्टातच ताब्यात घेतला. मंगळवारी शिक्षेवर दोन्ही बाजूंचं ऐकणार आहेत.

सरकारी वकील म्हणाले, किमान दहा वर्षं. मी वाचलं होतं की किमान वीस आहेत. विचारलं तर म्हणाले, ती 2019 ची दुरुस्ती, तुमचा गुन्हा आधीचा. एवढंच सांगून ते पुढच्या केसकडे वळले. हे बरोबर आहे का?

दुसरं. शुक्रवारी संध्याकाळी आजी आणि आत्या आमच्या दारात. आत्याच्या पर्समध्ये पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र. 'आता माझी काही तक्रार नाही, काकांना कमीत कमी शिक्षा व्हावी ही विनंती.' खाली मुलीच्या नावापुढे सहीची रिकामी जागा. सोबत डब्यात बेसनाचे लाडू, तिला आवडतात म्हणून आजीने केलेले. आजी वाईट बाई नाही हो. या मुलीला तिनेच न्हाऊमाखू घातलंय. पण ती ओट्याला टेकून म्हणाली, "घरचाच माणूस आहे गं, चुकला. त्याच्या लेकरांनी कुणाकडे बघायचं?" दाजी खाली गाडीत बसून होते. वर आलेच नाहीत. बाप आहे, भाऊही आहे, मला त्यांचा राग येतो आणि कीवही.

'घरचाच माणूस.' हे मी साडेतीन वर्षं ऐकतेय. पोलीस ठाण्याच्या बाकावर, तेराव्याच्या जेवणात, फोनवर. घरचा म्हणून सांभाळून घ्या. मला उलटं वाटतं. परक्या माणसापासून पळून घरात शिरता येतं. घरातल्या माणसापासून पळून दहा वर्षांच्या पोरीने कुठे जायचं? कायद्यात नातं असणं हे शिक्षा वाढवणारं आहे असं मी वाचलंय. ते खरं असेल तर न्यायाधीशांसमोर हे कुणी म्हणणार आहे का? की त्याचा वकील 'एकुलता कमावता, म्हातारी आई, लहान मुलं' म्हणेल आणि आमच्या बाजूने कुणी काहीच म्हणणार नाही?

मुलगी स्वतः काही बोलू शकते का? ती आता बारावीला आहे, परीक्षा तोंडावर आलीय. काल रसायनशास्त्राची वही आवरताना शेवटचं पान दिसलं. पेन्सिलीने 17 + 10 = 27. ते खोडून 26, बाजूला 'आठ महिने वजा?'. खाली 36. त्यालाही प्रश्नचिन्ह. मी वही मिटून होती तिथे ठेवली.

शिक्षा दहाच झाली तर वरच्या कोर्टात आम्ही जाऊ शकतो का? तो अपिलात गेला तर पुन्हा जामिनावर सुटेल का आणि आम्हाला कळेल का? माहीतगारांनी लिहा. अंदाजाने नको, प्लीज.

*

निफाडकर

ताई, मी फौजदारी वकिली करतो, सत्र न्यायालयात पोक्सोचे खटले चालवले आहेत. आधी एक: त्या कागदावर सही करू नका. पण तो फेकूही नका, त्याचा फोटो काढून सरकारी वकिलांना दाखवा. अशा गुन्ह्यात तडजोड हे शिक्षा कमी करायचं कारण धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तीन न्यायाधीशांच्या पीठासमोर स्पष्ट केलंय.

तारखेचं म्हणाल तर सरकारी वकील पोक्सोपुरते बरोबर आहेत. कलम 6 मधली किमान वीस वर्षं 16 ऑगस्ट 2019 पासून. गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात होती त्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम 20 आहे. त्याआधी किमान दहा, कमाल जन्मठेप. पण तुम्ही मे 2018 लिहिलंय. 21 एप्रिल 2018 च्या वटहुकूमाने दंड संहितेत बारा वर्षांखालच्या मुलीसाठी वेगळं कलम आलं, 376 एबी, त्यात किमान वीस आहेत. आणि पोक्सोचं कलम 42 सांगतं की दोन कायद्यांत जी शिक्षा जास्त ती द्यायची. म्हणून आज-उद्या आरोपाची आणि निकालाची प्रत मिळवा. ते कलम आरोपात होतं का पाहा. नसेल तर आता घालता येणार नाही, आरोपातला बदल निकाल सांगण्याआधी व्हायला हवा होता.

नात्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पोक्सोच्या कलम 5 मध्ये रक्ताचा नातेवाईक, एकाच घरात राहणारा, असं स्पष्ट आहे, म्हणून तर कलम 6 ची जड शिक्षा लागते. कमावता, म्हातारी आई, हे कितीही सांगितलं तरी किमान शिक्षेच्या खाली न्यायालयाला जाता येत नाही. भांडण आहे ते दहाच्या वर किती, याचं. हिमाचलमधल्या एका बापाला उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं, 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली. तो निवाडा सरकारी वकिलांना आठवण करून द्या.

मुलीला बोलता येतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितेला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क मान्य केलाय. उभं राहून बोलायची सक्ती नाही, लेखी द्या. पोक्सोत मुलीला स्वतःचा वकील देता येतो, परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देतं. कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे, नाहीतर 15100 वर फोन करा. भरपाईचा अर्जही त्याच हाताने द्या. कलम 33 मध्ये विशेष न्यायालय भरपाई देऊ शकतं, आणि पीडितांना मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना वेगळी आहे.

आता कडू भाग. शिक्षा कमी वाटली म्हणून पीडितेला अपील करता येत नाही. निर्दोष सुटला, हलक्या कलमात दोषी धरला किंवा भरपाई अपुरी असेल तरच येतं. शिक्षा वाढवण्यासाठी सरकारनेच जायचं असतं. म्हणून जे काय मांडायचं ते मंगळवारी मांडा. तो अपिलात मुंबईला जाईल, शिक्षा स्थगित करून जामीन मागेल. त्याची नोटीस तुम्हाला मिळालीच पाहिजे, पोक्सोबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2021 साली तशी पद्धत घालून दिली आहे. तुमचा सध्याचा सिडकोचा पत्ता पोलीस ठाण्यात लेखी नोंदवा, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाईल आणि आत्या ती घेईल.

आणि हो, ते आठ महिने वजा होतात. तिचं गणित बरोबर आहे.

*

रानजाई

मी या वाटेने गेलेय, मामाच्या बाबतीत. बाकी काही सांगत नाही. तिला तो कागद लिहायचा असेल तर तिच्या शब्दांत लिहू द्या. माझा वकिलांनी सुधारून दिला होता, वाचताना तो माझा वाटेना. आणि शिक्षा सुनावतील तेव्हा ती आत असायलाच हवी असं नाही. मी बाहेर जिन्यात बसले होते. बहिणीने येऊन आकडा सांगितला. बरं झालं तसं.

*

गोदाकाठ, नाशिक

निफाडकर, सोमवारी सकाळी साडेदहालाच विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बसले. दुपारपर्यंत वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आरोपाची प्रत काढली. ते 2018 चं कलम त्यात नाही. फिर्यादीत मे महिना नुसता उल्लेखापुरता आहे, आरोप दिवाळीवरच बेतलेला. मी तिथेच बाकावर बसून रडले. फिर्याद लिहिली तेव्हा मीच शेजारी होते, मला काय माहीत तारखेत दहा वर्षं असतात. ज्यांच्या घरात असं काही आज नोंदवलं जातंय त्यांनी हे वाचा: प्रत्येक वेळ, प्रत्येक महिना वेगळा लिहून घ्या. सही करायच्या आधी वाचून घ्या.

वकीलबाई जन्मठेपेपर्यंतची मागणी करणार आहेत. स्टॅम्पच्या कागदाचा फोटो सरकारी वकिलांना दिला. पत्ता नोंदवून पोच घेतली.

रानजाई, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "मला आत बसायचंय." मग "मराठीत लिहिलं तर चालेल ना मावशी?" एवढंच विचारून दार लोटून घेतलं. दीड पान झालं. मला वाचायला दिलं नाही, पाकिटात घालून चिकटवलं आणि वर न्यायाधीश बाईंचं पद लिहिलं. ताई आणि मी दोघी बरोबर जातोय. दाजींचा आत्ता फोन आला, तेही येतो म्हणाले. कुठे बसणार ते विचारलं नाही मी.

निकाल लागला की इथेच लिहीन.