गुडघ्याच्या लॅटरलमध्ये कंडाइल एकावर एक येत नाहीत, सल्ला हवा

नवी_तंत्रज्ञ:
एक्स-रे विभागात रुजू होऊन चार महिने झाले. छाती, हात, घोटा आता बऱ्यापैकी जमतं. अडतं ते गुडघ्याच्या लॅटरलला, म्हणजे बाजूने घेतलेल्या एक्स-रेला. परवा एका आजींचे तीन एक्स्पोजर झाले. तिसऱ्यांदा कूस सारखी करायला सांगितलं तेव्हा त्या निमूटपणे वळल्या, पण दुखण्याने ओठ आवळलेले दिसत होते. रात्रभर तेच डोळ्यांसमोर होतं. आणि एवढं करूनही मांडीच्या हाडाचे दोन्ही कंडाइल (गुडघ्याकडच्या टोकाचे दोन गोल उंचवटे) सुटेच आले. मी ट्यूब सरळ ठेवते, गुडघा साधारण काटकोनात वाकवते. काय चुकतंय? सराव कसा करावा तेही सुचवा.

अंधारखोली:
दोन गोष्टी लगेच बदला. काटकोन नको, 20 ते 30 अंश पुरे. जास्त वाकवलं की स्नायू ताणले जातात, वाटी खोबणीत ओढली जाते, सांध्यात पाणी असेल तर तेही नीट कळत नाही.

दुसरं, ट्यूबला डोक्याच्या दिशेने 5 ते 7 अंश द्या. रुग्ण दुखऱ्या कुशीवर असतो, म्हणजे आतला कंडाइल डिटेक्टरपासून (चित्र टिपणाऱ्या पाटीपासून) लांब. त्याची सावली मोठी होऊन खाली पडते. अँगल दिला की ती वर सरकून बाहेरच्या कंडाइलवर बसते. बुटक्या, रुंद कमरेच्या व्यक्तीला 7 ते 10 अंशही लागतात. उंच, अरुंद कमरेच्या माणसाला 5 पुरतात. सेंटरिंग, म्हणजे बीमचा मध्य, आतल्या एपिकंडाइलच्या (कंडाइलच्या बाजूला हाताला लागणाऱ्या उंचवट्याच्या) अडीच सेंमी खाली.

छाया_वाचक:
अँगलचं अगदी बरोबर. पण माझ्या मते रिपीट करण्याआधी पहिली फिल्म वाचणं जास्त महत्त्वाचं, नाहीतर दुसरं एक्स्पोजर म्हणजे अंधारात तीर.

कंडाइल वर-खाली सुटलेत? मग अँगल चुकलाय किंवा पाय तिरका पडलाय. पुढे-मागे सुटलेत? मग गुडघा फिरलाय. कुठल्या बाजूला, ते फिब्युलाचं (पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं सांगतं. ते टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) आड फारच गेलं असेल तर गुडघा कमी वळलाय, वाटीची बाजू टेबलाकडे आणखी झुकवा. ते मोकळं दिसत असेल तर गुडघा जास्त कलंडलाय, मागे घ्या. आतल्या कंडाइलवर मागे, वरच्या अंगाला ॲडक्टर ट्यूबर्कलचा बारीक उंचवटा असतो. तो सापडला की आतला कोणता, बाहेरचा कोणता हा घोळ मिटतो.

बटण दाबण्याआधी अंगठा एका एपिकंडाइलवर आणि मधलं बोट दुसऱ्यावर ठेवून बघा. दोघांना जोडणारी रेषा डिटेक्टरला काटकोनात हवी. रुग्णाला आधी सांगून मगच हात लावा.

नवी_तंत्रज्ञ:
खूप आभार! दुसरा पाय कुठे ठेवायचा? मी तो पुढे घेते.

अंधारखोली:
तिथेच मेख आहे बहुतेक. पाय पुढे आला की कंबर पुढे लोटते आणि गुडघाही सोबत कलंडतो. मागे ठेवून बघा. पुढेच ठेवावा लागला तर त्याखाली जाड उशी द्या, म्हणजे कंबर जागची हलणार नाही. दुखऱ्या पायाच्या घोट्याखालीही छोटा आधार लागतो.

रात्रपाळी:
एक कळकळीची विनंती. रुग्ण पडल्यामुळे मार लागून आला असेल तर यातलं काहीच करू नका, वळवूही नका. उताणाच राहू द्या, डिटेक्टर गुडघ्याच्या बाजूला उभा करा आणि बीम आडवा मारा. हाडाला तडा असेल तर मज्जेतली चरबी सांध्यातल्या रक्तावर तरंगते, आणि त्या दोन्हींमधली सरळ रेषा फक्त आडव्या बीममध्ये दिसते. कुशीवरच्या फिल्ममध्ये ती हुकेल. वाटी मोडल्याची शंका असेल तर 10 अंशांपेक्षा जास्त वाकवायचं नाही.

छाया_वाचक:
सरावाचं राहिलंच. मांडीचं सुटं हाड किंवा मॉडेल मिळवा, अंधाऱ्या खोलीत भिंतीजवळ धरा आणि मीटरभरावरून टॉर्च मारा. हाड थोडं फिरवा, टॉर्च थोडी खाली घ्या. दोन कंडाइलच्या सावल्या कशा सुटतात आणि कशा जुळतात ते तासाभरात डोळ्यांत बसतं. मी अजूनही नव्या मुलांना हेच करायला लावतो.

नवी_तंत्रज्ञ:
आज दोन गुडघे केले. पाय मागे, 6 अंश, घोट्याखाली आधार. पहिला एकदम जुळला. दुसऱ्यात कंडाइल जेमतेम दोन मिलिमीटर पुढे-मागे होते आणि फिब्युला मोकळी दिसत होती, म्हणजे जास्त कलंडला होता. रेडिओलॉजिस्टना दाखवलं, सांधा नीट दिसतोय म्हणाले. रिपीट केला नाही.