आरएनए-सीक्वेन्सिंग: स्टारमध्ये (रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, जीनोमवर बसवणारं साधन) ८८ टक्के मॅपिंग, फीचरकाउंट्समध्ये (जीननिहाय रीड्स मोजणारं साधन) मात्र ४ टक्के. चूक कुठे?

टर्मिनलवाला: मानवी नमुने, पेअर्ड-एंड (प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांकडून वाचलेला), २×१५० रीड्स. संदर्भ जीनोम जीआरसीएच३८, जीटीएफ (जीनच्या जागांची फाइल) जेनकोडची. स्टारचं युनिक मॅपिंग (एकाच जागी बसलेले रीड्स) ८८ टक्के. फीचरकाउंट्सला '-पी -एस १' (पेअर्ड-एंड, धाग्याची दिशा १) दिलं, कारण लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) स्ट्रँडेड आहे, म्हणजे रीड कोणत्या धाग्याचा ते कळतं. जीनच्या नावे असाइन झाले जेमतेम ४ टक्के. क्रोमोसोमच्या नावांचा घोळ असेल का?

एक्सॉन_इंट्रॉन: नावं अजिबात जुळली नसती तर सरळ शून्य आलं असतं. हे ४ टक्के कुठून आले? आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) नीट काढला गेला नसेल. समरी फाइल बघा.

उलटा_स्ट्रँड: आरआरएनए नाही. त्याच्या प्रती जीनोममध्ये अनेक, त्यामुळे ते रीड्स बहुतेक मल्टिमॅपिंगमध्ये (अनेक जागी बसणारे) गेले असते, युनिकमध्ये ८८ टक्के दिसले नसते. समरीत 'नोफीचर्स'चा (कुठल्याच जीनमध्ये न धरलेले रीड्स) आकडा फुगलेला असेल तर '-एस'ची दिशा उलटी दिली आहे.

आजच्या बहुतेक स्ट्रँडेड किट डीयूटीपी पद्धतीच्या असतात. दुसऱ्या सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) धाग्यात टीऐवजी यू घालतात आणि पुढे तो धागा नष्ट करतात. उरतो पहिला धागा, म्हणून रीड १ मूळ आरएनएच्या उलट दिशेचा येतो. इथे '-एस २' लागतं. 'स्ट्रँडेड म्हणजे १' हा समज फार पसरलाय.

किटच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, मोजून बघा. स्टारला 'क्वांटमोड जीनकाउंट्स' दिलं असेल तर त्या तक्त्याच्या वरच्या चार ओळी सोडून तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची बेरीज करा. चौथा कितीतरी मोठा आला तर '-एस २'. तक्ता नसेल तर आरएसइक्यूसी (आरएनए-सीक्वेन्सिंगची गुणवत्ता तपासणारा संच) यातलं इन्फर-एक्सपेरिमेंट चालवा. ते मुळातच २ लाख रीड्स तपासून थांबतं, फक्त जीटीएफऐवजी बेड फाइल (जीनच्या जागा लिहिण्याचा दुसरा प्रकार) मागतं.

आणखी एक खूण: स्त्रियांच्या नमुन्यांत एक्सआयएसटी (एक एक्स क्रोमोसोम बंद करणारा, स्त्रियांत चालू असलेला जीन) जवळपास शून्य आणि टीएसआयएक्स भरपूर दिसत असेल, तर निकाल लागला. दोन्ही जीन एकाच जागी, विरुद्ध धाग्यांवर आहेत.

एक्सॉन_इंट्रॉन: बरोबर, मल्टिमॅपिंगचा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही. पण मग '-एस ०' देऊन मोकळं का होऊ नये?

उलटा_स्ट्रँड: टक्केवारी छान दिसेल, पण एकमेकांवर पडणाऱ्या जीनचे रीड्स 'अँबिग्विटी'त (कोणत्या जीनचे ते न ठरलेले) जाऊन वाया जातील. स्ट्रँडेड लायब्ररीचे पैसे मोजले ते कशासाठी?

टर्मिनलवाला: चौथा रकाना तिसऱ्याच्या वीसपट आहे! पुन्हा मॅपिंग करावं लागेल का? स्टारच्या इंडेक्ससाठी ३० जीबी रॅम मिळवणं म्हणजे रांगेत उभं राहणं.

उलटा_स्ट्रँड: नको. बॅम (मॅपिंगची फाइल) तीच चालेल, फक्त काउंट पुन्हा करा. मात्र सबरीड (फीचरकाउंट्स ज्यात येतं तो संच) २.०.२ पासून नुसतं '-पी' दिलं तर फ्रॅगमेंट मोजले जात नाहीत, सोबत 'काउंटरीडपेअर्स' हवंच. नाहीतर दोन्ही टोकं वेगळी मोजली जातात, काउंट जवळपास दुप्पट होतात आणि डीसेक२ (नमुन्यांमधला जीनचा फरक तपासणारं साधन) त्या आकड्यांवर नको तेवढा विश्वास ठेवतं. त्याला टीपीएम (प्रमाणित केलेले आकडे) देऊ नका, कच्चे पूर्णांकच द्या.