थीम पार्कची ट्रिप आणि हॉटेलचे रेट: तुम्हाला स्वस्तात कधी जमलं? नाशिककरांनो, अनुभव लिहा

इंदिरानगर

नमस्कार मंडळी. गेल्या मेमध्ये आम्ही चौघं खोपोलीला इमॅजिकाला जाऊन आलो. पोरांना सुट्टी लागली की निघायचं एवढंच डोक्यात होतं, त्यामुळे शनिवारचंच बुकिंग केलं आणि जवळच्या एका हॉटेलात एका रात्रीचे 9,200 मोजले, तेही एसी रात्रभर टपकत होता आणि आम्ही खाली बादली ठेवून झोपलो. जूनच्या शेवटी माझा मेव्हणा त्याच हॉटेलात बुधवारी राहिला, बिल 4,800. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिलीये, कारण वर्षातून एकदा पैसे साठवून आपण पोरांना कुठेतरी नेतो. म्हणून हा धागा. तुम्ही कधी गेलात, वार कोणता, किती मोजले, सगळं लिहा. परदेशातलं पार्क असेल तरी चालेल. फक्त 'ऑफ सीझनला जा' एवढंच नको, कोणता आठवडा ते सांगा.

सिडको, शाळेत शिकवते

दिवाळीचं मी सांगते. पहिल्यांदा आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो होतो आणि लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत धड खोली मिळेना, जिथे मिळत होती तिथे पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या जीजे पासिंगच्या. मग लक्षात आलं की गुजराती व्यापारी मंडळी पाडव्यापासून फिरायला बाहेर पडतात आणि लाभपंचमीच्या मुहूर्ताला दुकान उघडायचं म्हणून घरी परततात. आपल्या स्टेट बोर्डाच्या शाळांची सुट्टी त्यानंतरही थोडी उरते. पुढच्या वर्षी लाभपंचमी होऊ दिली, मधला शनिवार-रविवार सोडला आणि सोमवारी गेलो. रेट जवळपास निम्मा, आणि आदल्या वर्षी ज्या नायट्रो रोलर कोस्टरच्या रांगेत सव्वा तास गेला होता त्यात माझा मुलगा लागोपाठ तीनदा बसला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता ओरडून ओरडून, पण चेहरा बघायला हवा होता तुम्ही. सापुताऱ्यालाही हाच हिशोब लागू पडतो. सीबीएसईवाल्यांची सुट्टी लवकर संपते, त्यांनी आधी शाळेचं कॅलेंडर बघा.

अंबड, कंपनीत आहे

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, त्याचा फायदा झाला. पावसाळ्यात रेट उतरतात हे खरं आहे पण फक्त सोमवार ते गुरुवार, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची निम्मी जनता पाऊस बघायला लोणावळा-खोपोलीच्या घाटात असते आणि रेट मेसारखेच. आम्ही जुलैत गेलो, हॉटेल अगदी स्वस्त मिळालं, पण जोराचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण आमचे दोन तास शेडमध्ये गेले आणि धाकटी रडायला लागली. परत जाईन तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, गणपती उठल्यावर, पितृपक्षात जमलं तर उत्तमच. त्या दिवसांत आपल्याकडे बरेच लोक नवीन काही ठरवत नाहीत, लग्नं नाहीत, पाऊसही ओसरत आलेला असतो. रस्त्याचं म्हणाल तर 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो, त्यामुळे पहाटे निघून दहाला पार्कच्या गेटवर पोचता येतं आणि एक रात्र वाचते.

मुंबई नाका, हॉटेलच्या रिझर्व्हेशनला आठ वर्षं

आतली बाजू सांगतो. रेट कोणी कागदावर लिहून ठेवत नाही हो, किती खोल्या भरल्या त्यावर तो रोज हलतो. फिरायच्या ठिकाणी शुक्रवार-शनिवार महाग, रविवारची रात्र सगळ्यात स्वस्त, कारण सगळे चेकआउट करून गेलेले असतात. आमच्यासारख्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या हॉटेलात उलटं, मंगळवार-बुधवार फुल्ल.

आणि एक गोष्ट कोणी बघत नाही, लग्नतिथी. दाट तिथ असली की रिसॉर्टच्या चाळीस-चाळीस खोल्या वऱ्हाडासाठी एकाच झटक्यात जातात आणि उरलेल्या खोल्यांचा रेट चढतो, मग तो मंगळवार का असेना. तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उघडा, मुहूर्त नसलेले आठवडे शोधा. चातुर्मासात म्हणूनच मधल्या वारी खोल्या रिकाम्या असतात. नाशिकपुरता अपवाद 2027, त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तेव्हा इथे पाहुणे बोलावणार असाल तर खोल्यांचं आत्ताच बघा.

दुसरं जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, त्यावर गेली की 18. म्हणजे 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. दोनशेचा फरक दिसतो, प्रत्यक्षात जवळपास बाराशे जातात. म्हणून खोली साडेसातच्या आसपास असेल तर थेट हॉटेलला फोन करा, नाश्त्याशिवायचा रेट विचारा, बऱ्याचदा आत बसतो. आणि फुकट रद्द होणारं बुकिंग आधी करून ठेवा, मग दर आठवड्याला रेट बघत राहा, उतरला तर नवीन घ्या आणि मगच जुनं सोडा.

सातपूर

आम्ही हैदराबादला गेलो होतो, नाशिकरोडहून देवगिरी एक्स्प्रेसने, वंडरला आणि रामोजी दोन्ही. तेलंगणाच्या शाळा 12 जूनच्या सुमारास सुरू होतात आणि आपल्या 15-16 ला, हे तीन-चार दिवस सोनं आहेत. तिकडची पोरं शाळेत, आपली अजून मोकळी. फक्त रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी करा.

पिंपळगाव बसवंत

आमचा द्राक्षाचा बाग आहे त्यामुळे जानेवारी ते एप्रिल तोडणी, मग खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, मे आणि दिवाळीची सुट्टी आम्हाला कधी मिळालीच नाही. मोकळा वेळ म्हणजे ऑगस्ट. थोरली दहावी पास झाली तेव्हा तिला शब्द दिला होता, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सिंगापूरला गेलो, सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज बघायला. नंतर कळलं की आठवडा नेमका बरोबर पडला. तिथल्या शाळांना जूनभर सुट्टी असते, सप्टेंबरच्या सुरुवातीला परत एक आठवडा, आणि पुढे फॉर्म्युला वन रेस आली की शहरातली हॉटेलं हात लावू देत नाहीत. बेटावरच्या हॉटेलचे रेट झेपणारे नव्हतेच, आम्ही लिटल इंडियात राहिलो, तिथून हार्बरफ्रंटला थेट मेट्रो आहे आणि पुढे सेंटोसाची छोटी ट्रेन. संध्याकाळी दमून आलं की खाली उतरलं की पोळीभाजी मिळायची. आईने पहिल्यांदा विमान बघितलं ते याच ट्रिपला.

कॉलेज रोड

लेक अमेरिकेत टेक्ससला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड केलं. तिने मुद्दाम लेबर डे नंतरचा आठवडा घेतला, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार होऊन गेल्यावर. तिकडच्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात. डिस्नेची तिकिटं 2018 पासून तारखेप्रमाणे कमीजास्त असतात, त्यामुळे हॉटेल आणि तिकीट दोन्हीत वाचले. पण तो चक्रीवादळांचा हंगाम असतो, जून ते नोव्हेंबर, म्हणून रद्द करता येईल असंच सगळं घ्या. दुपारी उकाडा फार, आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट होऊन जोरात पाऊस येतो. आम्ही सकाळी गेट उघडताना आत जायचो, दुपारी हॉटेलवर येऊन झोपायचो आणि संध्याकाळी परत. यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मला रांगांची फार काळजी होती. एका राइडच्या पाटीवर दहा मिनिटं लिहिलेलं बघून हे मला म्हणाले, चल, अजून एकदा बसू.

इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाभपंचमीनंतरचा मंगळवार धरलाय, मुहूर्त नाहीये बघितलं. रद्द होणारं बुकिंग केलं, 5,100, नाश्त्याशिवाय. कोणी त्याच आठवड्यात येणार असेल तर सांगा, दोन गाड्या बरोबर काढू.