मदत हवी आहे: फ्युएल रेलचे बोल्ट नेमके किती आवळायचे? कागदावर नुसतं '१००' आहे

माडाखालचा

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, साधं एमपीएफआय इंजिन (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी). मुक्काम मालवण तालुक्यात, घरातून समुद्राची गाज ऐकू येते इतका जवळ. गेले काही दिवस बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येत होता. टॉर्च लावून बघितलं तर दोन नंबरच्या इंजेक्टरच्या डोक्याशी, जिथे तो फ्युएल रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) बसतो तिथे, ओलसर डाग. ओ-रिंगा, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या, गेल्या हे उघड होतं. नवा संच पार्टच्या काउंटरवरून आणला, रेल सोडवली, इंजेक्टर काढले. दोन्ही बोल्ट सध्या वाटीत आहेत आणि मी इथे.

पुन्हा लावताना टॉर्क, म्हणजे आवळायचा पिळ, किती द्यायचा? मित्राने मॅन्युअलच्या एका पानाची झेरॉक्स पाठवली आहे. वरचा मथळा कापला गेलाय, त्यामुळे एकक दिसत नाही. फ्युएल रेलच्या ओळीत नुसतं '१००' आहे. मेव्हणे म्हणतात १०० न्यूटन-मीटर, दे पिळ. मला ते पटत नाही, एवढ्याशा बोल्टाला शंभर?

आणखी तीन शंका. माझ्याकडे अर्धा इंची टॉर्क पाना आहे, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, चाकांसाठी घेतलेला. तो चालेल का? बोल्टांवर खाऱ्या हवेने गंज चढलाय, बंदरावरच्या दुकानात त्याच मापाचे स्टेनलेसचे मिळतात, ते टाकू का? आणि नाक्यावरचे मेस्त्री म्हणतात, आट्यांना ग्रीस लाव आणि हाताला कळेल तितकं आवळ. करू का तसं?

पाऊस आहे, गाडी पडवीत आहे, घाई नाही.

पानापक्कड

मेव्हण्यांना चहा द्या आणि पाना लपवून ठेवा.

१०० न्यूटन-मीटर हा चाकाच्या नटांच्या घरातला आकडा आहे. रेलच्या बोल्टाला तो दिला तर निम्म्यापर्यंत जायच्या आतच बोल्ट तुटेल, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे बाहेर येतील. तुमचा आकडा जवळपास नक्की किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये आहे. १०० किलो-सेंमी म्हणजे १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. जुन्या जपानी वळणाच्या मॅन्युअलमध्ये हे एकक सर्रास असतं.

पण माझ्यावर विश्वास ठेवून आवळू नका, कागदालाच विचारा. त्याच पानावर चाकाच्या नटांची ओळ आहे का? छोट्या गाडीला चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळतात. तिथे ८५ किंवा १०० लिहिलं असेल तर पान न्यूटन-मीटरचं आहे, आणि मग तुमचा १०० खरंच कोड्यात टाकणारा. तिथे ८००-१००० च्या आसपास असेल तर किलो-सेंमी, विषय संपला.

दुसरी खूण म्हणजे बोल्टाचं माप. डोक्याला १० नंबरचा पाना लागतो का? मग तो एम६, म्हणजे ६ मिमी जाडीचा. साधा ८.८ ग्रेडचा (ही बोल्टाच्या ताकदीची खूण) एम६ कोरड्या आट्यांवर १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळतात. १२ किंवा १३ चा पाना लागत असेल तर एम८, तिथे २० ते २५ चा आकडा अपेक्षित, आणि मग झेरॉक्सची ओळ पुन्हा वाचायला हवी.

माडाखालचा

चाकाच्या ओळीत ८५० आहे! आणि बोल्टाला १० चा पाना लागतो. डोक्यावर ८.८ कोरलेलं दिसतंय, गंज खरवडल्यावर.

पानापक्कड

मग १० न्यूटन-मीटर. तुमचा ४०-२०० चा पाना इथे काही कामाचा नाही. तो ४० च्या खाली सेटच होत नाही, आणि ठरलेला पिळ झाला की क्लिक होणारे पाने असेही पट्टीच्या अगदी तळाशी भरवशाचे नसतात. पाव इंची, ५ ते २५ चा घ्या. सायकलवाले कार्बनच्या फ्रेमसाठी वापरतात तोच.

तराजू_आणि_तागडी

नवा पाना यायला आमच्याकडे कुरियरला आठवडा लागतो, म्हणून एक देशी उपाय. टॉर्क म्हणजे जोर गुणिले लांबी, बाकी काही नाही. आणि तुमचं एकक किलो-सेंमी आहे, म्हणजे हिशेब तोंडी होतो.

काजूबिया किंवा मासळी मोजायचा आकडीचा स्प्रिंगकाटा घरोघरी असतोच. १० नंबरचा रिंग पाना घ्या, बोल्टाच्या मध्यापासून २० सेंमीवर खूण करा. पाना तेवढा लांब नसेल तर १० सेंमीवर करा. खुणेला काटा अडकवून पान्याशी काटकोनात ओढा. २० सेंमीवर ५ किलो दाखवले की १०० किलो-सेंमी झाले. १० सेंमीवर १० किलो. तिरकं ओढलं तर आकडा खोटा येईल, आणि हळू, एका चालीत ओढायचं, धक्का देऊन नाही.

काटा खरा आहे का ते आधी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगून बघा. बाजारातल्या काट्यांवर मी बोलत नाही.

बॅटरीवाला डिजिटल काटा उघड्या पेट्रोलजवळ नको, स्प्रिंगचाच वापरा.

माडाखालचा

हे भारी आहे. काटा आहे, बाजारात वापरलेला. पण ग्रीस आणि स्टेनलेसचं काय?

बंदरकर

स्टेनलेस घालू नको रे बाबा. आमी होडयेर सगळा स्टेनलेस वापरतो म्हणान गाडीक पण चालात असा नाय.

नीट लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. बंदरावर मिळतात ते बहुतेक ए२-७० नाहीतर ए४-७० या स्टेनलेसच्या ग्रेडचे असतात. ते ८.८ पेक्षा मऊ. ८.८ साठीचा टॉर्क त्यांना दिला तर ताण त्यांच्या मर्यादेला जाऊन टेकतो. दुसरं म्हणजे तुमची रेल इंजिनाच्या ज्या भागावर (मॅनिफोल्ड किंवा हेड) बसते तो ॲल्युमिनियमचा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र, वर खारी दमट हवा, की ॲल्युमिनियम आधी कुजतं. दोन पावसाळ्यांनी बोल्ट चकचकीत असतो आणि भोकात पांढरा भुगा. बोटीच्या कामात आम्ही हे रोज बघतो, तिथे मधे पेस्ट किंवा स्लीव्ह घालतो. गाडीत त्याची गरजच नाही. झिंक प्लेटिंगचे ८.८ चे नवे बोल्ट घ्या, लांबी जुन्याइतकीच, मिलिमीटर मोजून. आखूड घातला तर मोजकेच आटे धरतात आणि तेच उपटून येतात. लांब घातला तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, पाना क्लिक करतो आणि रेल मात्र सैलच.

कोरडे_आटे

ग्रीसबद्दल मी बोलतो, कारण या सल्ल्याने किती आटे मेलेत त्याची गणती नाही.

तुम्ही पान्याला जो जोर लावता त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्टाला ताणतो. बाकीचा घर्षणात जातो, अर्धा डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. मॅन्युअलचा आकडा हे घर्षण गृहीत धरून दिलेला असतो, आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते स्वच्छ, कोरड्या आट्यांचं. ग्रीस लावलं की घर्षण कमी, आणि त्याच १० न्यूटन-मीटरला बोल्ट जवळपास तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जातो. गंजलेल्या आट्यांचं उलट. पाना क्लिक करतो, आपण खूश, आणि पकड प्रत्यक्षात कितीतरी कमी. कोकणात हा दुसरा प्रकार जास्त, कारण इथे नवा बोल्ट दुकानातच तपकिरी होतो.

तेव्हा भोकातले आटे तारेच्या छोट्या ब्रशने साफ करा, हवेने उडवा. भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नका, बंद भोकात बोल्ट उतरताना ते दाबलं जातं आणि ॲल्युमिनियम फाटू शकतं. बोल्ट नवे, कोरडे. एवढंच.

जुना_गॅरेजवाला

चर्चा छान आहे. आम्ही तीस वर्षं हाताने आवळतोय, एक रेल सुटली नाही की एक गाडी पेटली नाही. हाताला कळतं हो. पुस्तकातले आकडे शहरातल्या एसी वर्कशॉपला.

कोरडे_आटे

काका, तुमच्या हाताला कळतं यात शंका नाही. प्रश्न धागाकर्त्याच्या हाताचा आहे, त्याने आयुष्यात चाकच आवळलंय.

आणि एक गंमत सांगतो. या जागी गळती थांबवायचं काम बोल्टांचं नाहीच. ते ओ-रिंग करते, रेलच्या कपात चहूबाजूंनी दाबून बसून. बोल्ट फक्त रेल वर उचलली जाऊ देत नाहीत. आता हिशेब करा. अशा इंजिनात पेट्रोलचा दाब ३ बारच्या आसपास. कपाचं भोक १४ मिमी धरलं तर एका इंजेक्टरमागे वर ढकलणारा जोर साडेचार किलो, चार मिळून १८-२० किलो. आणि एक एम६ बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळला की साधारण ८०० किलोने धरतो. दोन बोल्ट, दीड टनाच्या वर! म्हणजे इथे अजून अर्धी फिरकी दिल्याने गळती थांबणार नाही, थांबली असं वाटलं तरी ती ओ-रिंगच कुठेतरी चेपून बसलेली असते. गळत असेल तर रिंग बघा, बोल्टाला हात लावू नका.

जुना_गॅरेजवाला

हे मान्य. गळते म्हणून पिळणारी पोरं मीही हाकललीत. रिंगेला पातळ इंजिन ऑइलचा हात फिरवा, मग बसवा, कोरडी ढकलली की चिरते. सिलिकॉन ग्रीस नको. आणि रेल बसवल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून बघा. थोडा जोर लावून फिरला तर रिंग सरळ बसली. अडकला तर पिळली आहे, परत काढा. ही परीक्षा टॉर्कच्या आधी.

पानापक्कड

+१ काकांना, हीच गोष्ट माझ्या प्रतिसादात राहिली होती. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत घाला, मग आलटून पालटून, पहिल्या फेरीत ५० किलो-सेंमी, दुसऱ्या फेरीत १००. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर रेल तिरकी बसते.

ओ-रिंग कुठल्या रबराची आहे तेही बघा. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येऊ लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच. २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. सुट्या, बिनपाकिटाच्या काळ्या रिंगा साध्या नायट्राइल रबराच्या निघतात. इंधनासाठी व्हायटॉन म्हणजे एफकेएम घ्या. काउंटरवरचा मूळ संच असेल तर चिंता नको.

बंदरकर

पडवीत काम करतोयस म्हणालास. न्हाणीघराची चूल कुठे आहे? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरकत जाते. पावसात पाणी तापवायला चूल पेटलेलीच असते घराघरात. ती विझव, मग काम कर. बॅटरीची निगेटिव्ह काढलीस ना?

माडाखालचा

चूल पडवीला लागूनच आहे, आज घरातल्यांना गॅसवर पाणी तापवायला सांगतो. रेल सोडवायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू केलं होतं, आपोआप बंद पडेपर्यंत. मग निगेटिव्ह काढली. पावडरचा अग्निशामक शेजारच्या हॉटेलातून मागून आणलाय.

पानापक्कड

उत्तम. जोडल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. चावी फक्त 'ऑन'ला, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. बंद, परत ऑन. असं काही वेळा केलं की रेलमध्ये दाब येतो. मग कोरडा कागद प्रत्येक जोडाखाली फिरवा. ओला झाला नाही तरच इंजिन सुरू, आणि गरम झाल्यावर पुन्हा एकदा कागद.

माडाखालचा

कुडाळहून ८.८ चे झिंकवाले बोल्ट आले, काटा पाण्याच्या बाटलीला बरोबर निघाला. चार नंबरचा इंजेक्टर फिरत नव्हता, काढला तर रिंग खरंच पिळलेली. संचात एक जादा होती म्हणून निभावलं. २० सेंमी, ५ किलो. कागद कोरडा, वास नाही. मेव्हण्यांनी काटा धरला होता, त्यामुळे आता तेच सगळ्यांना शिकवतायत. सगळ्यांचे आभार.

हर्णै_डिझेल

उशिरा आलो. माझी कॉमन रेल डिझेल आहे, इंजेक्टरच्या पाइपाच्या नटाशी किंचित ओल दिसते. हाच काट्याचा उपाय करू का?

जुना_गॅरेजवाला

नाही. तिथे ३ बार नाही, हजार-दीड हजार बारच्या वरचा खेळ आहे. ओ-रिंगही नाही, धातूवर धातू दाबून बसतो. नट सोडलेला पाइप बऱ्याच कंपन्या पुन्हा लावू देत नाहीत, नवाच घालायचा, आणि टॉर्क त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच, नंतर किती अंश फिरवायचं तेही त्यातच असतं. चालू इंजिनावर ओल कुठून येते ते बोट लावून बघू नका, ती धार कातडीतून आत जाते आणि वरून टाचणीएवढंच दिसतं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी थेट सर्जनकडे. नट चालू इंजिनावर आवळूही नका. डिझेल पंपाचं काम करणाऱ्याकडे न्या.