पाळणाघराच्या पालकांना उन्हाळ्याची सूचना द्यायची आहे, नेमकं काय लिहू? (नागपूर)

सदरची_पाळणाघरवाली
नमस्कार. पाळणाघरात आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं आहेत. जागा वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट डोक्यावर. एसी नाही, खिडकीला दोन कूलर. एप्रिल लागायच्या आत पालकांना एकपानी सूचना द्यायची आहे. "भरपूर पाणी पाजा, उन्हात सोडू नका" एवढं तर सगळेच लिहितात, त्यावरून सकाळी डबा भरताना कोणी काही वेगळं करत नाही. पाणी आणि ओआरएस किती, डब्यात काय नको, सनस्क्रीन लावायचं का, कूलरचं काय बघायचं आणि मूल तापलेलं वाटलं तर आधी काय करायचं, हे हवं आहे. काही पालक मुलांच्या खिशात कांदा ठेवून पाठवतात, त्यांना काय सांगू?

बालरोग_परिचारिका
ताई, पाण्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ कधी आलंच, तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईचं दूध जास्त वेळा पाजायचं, एवढंच. काढून पाठवलेलं दूध थंड राहणाऱ्या पिशवीत बर्फाच्या पॅकसकट पाठवायला सांगा आणि आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर चार तास टिकतं हा हिशोब २५ अंशांच्या खोलीचा आहे, नागपूरच्या मे महिन्याचा नाही.

मोठ्या मुलांसाठी ढोबळ हिशोब वजनावर धरा. १० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण एक लिटर, १५ किलोच्या मुलाला सव्वा लिटर. यात दूध, ताक, वरणाचं पाणी सगळं आलं. घाम फार येत असेल तर याहून जास्त लागतं. मात्र एकदम पेलाभर पाजलं की लहान मूल उलटी करतं. तुमच्याकडे तासातासाला अर्धी वाटी आणि खेळ चालू असेल तर दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, असं ठेवा. खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही, तहान लागली हेही सांगत नाही. म्हणून त्याने मागायची वाट बघू नका.

पालकांना बाटली बघण्यापेक्षा लघवी बघायला सांगा. रंग फिकट पिवळा हवा. सहा तास लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, ओठ-जीभ कोरडी, बाळाची टाळू खोल गेलेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

ओआरएस रोजचं सरबत म्हणून पाजू नका. जुलाब, उलटी किंवा घामाने मूल मलूल झालं असेल तरच. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यातच जातं. छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं, पण प्रत्येक पाकिटावर वाचूनच घ्या. सगळ्यात वाईट चूक इथे होते: "मूल एवढं कुठे पिणार" म्हणून मोठं पाकीट एका पेल्यात कालवतात. मग रक्तातलं मीठ वाढतं, मूल आणखी कोरडं पडतं, झटकेही येऊ शकतात. अर्धं पाकीट अंदाजाने ओतणंही नको, पावडरीतलं मीठ आणि साखर सारखी वाटली जात नाही. वरून साखर घालायची नाही, दुधात किंवा रसात कालवायचं नाही, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांना ओआरएस समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, ती यासाठीच. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून औषधाच्या दुकानातूनच घ्या.

पन्हं, ताक, बेलाचं सरबत एक वर्षावरच्या मुलांना छान. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ, साखर आणि मध तिन्ही नको, मध तर थेंबभरही नको.

कांद्याने अपाय नाही, उपायही नाही. फक्त कांदा आहे म्हणून टोपी घालायची राहिली, असं व्हायला नको.

कूलर_दुरुस्तीवाला
कूलरबद्दल मी सांगतो. कूलर बंद खोलीत चालवला तर खोली थंड होत नाही, दमट होते, आणि दमट हवेत अंगावरचा घाम सुकत नाही. मुलं चिडचिडी होतात ती यामुळे. कूलरच्या समोरच्या भिंतीची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. वाळ्याच्या टाट्या मार्चमध्येच नव्या बसवा. जुन्या टाट्यांवर क्षार बसले की पाणी नीट झिरपत नाही आणि नुसती गरम हवा आत येते. नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नका. खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग निववत नाही, उलट तापवतो.

आता विजेचं. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी मुलं, यापेक्षा धोकादायक जोडी नाही. सीझनच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असला तरी आतल्या जाळीपर्यंत मुलाचा हात पोचतो, तिथे लाकडी कठडा हवाच.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, कोरड्यातही तग धरतात, आणि पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास तयार.

स्लॅबवर मार्चअखेर चुन्याचे दोन हात मारून घ्या, वरच्या मजल्याला फरक जाणवतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता खाली सोडतो, त्यामुळे आतली खोली पाच-सहा वाजता सगळ्यात गरम असते. ऊन उतरलं म्हणून पाच वाजताच कूलर बंद करू नका.

सदरची_पाळणाघरवाली
फार उपयोगी. टाट्या आणि आरसीसीबीचं काम उद्याच सांगते. डबा, व्हॅन आणि ऊन लागल्यावर काय, हे राहिलं.

बालरोग_परिचारिका
डब्यात दूध-दह्याचे पदार्थ, उकडलेलं अंडं, मऊ भात नको, तुमच्याकडे आल्याबरोबर फ्रिजमध्ये जाणार असेल तरच चालेल. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर असं लवकर खराब होणारं अन्न तासाभराच्या आत खावं. पोळी-भाजी, दशमी, काकडी, अख्खं केळं बरं. टरबूज घरून कापून पाठवू नका, तुमच्याकडे ताजं कापा. गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून येता-जाता मुलाला गोळा देऊ नका असं स्पष्ट लिहा.

व्हॅन उन्हात उभी असेल तर दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं, काच थोडी खाली करून फारसा फरक पडत नाही. मुलं उतरल्यावर नावं मोजायची आणि मागची सीट हात लावून बघायची, हे काम एका ठरावीक माणसाकडे द्या. झोपलेलं मूल आवाज देत नाही.

बाहेरचा खेळ साडेआठच्या आत. घसरगुंडीवर आधी स्वतःच्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. ठेववत नसेल तर मुलाला बसवू नका. फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मान झाकणारी टोपी सनस्क्रीनपेक्षा जास्त कामाची. सनस्क्रीन सहा महिन्यांवरच्यांनाच, एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइडचं. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं घरीच लावून पाठवायला सांगा. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. तुम्हाला लावायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी आणि नाव टाकलेली ज्याची त्याची ट्यूब. घामोळ्यांवर पावडरीचा थर नको, ती श्वासात जाते. गार पाण्याने अंग टिपून सैल सुती कपडे घाला.

आता मूल तापलं तर. घाम येतोय, मलूल आहे, पण शुद्धीवर आहे आणि बोलतंय: गार खोलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात टवटवी आली नाही तर डॉक्टर.

मूल बरळतंय, ओळखत नाही, झटका आला, शुद्ध हरपली, अंग ४० अंश म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर: हा उष्माघात धरायचा. एकीने १०८ ला फोन लावायचा आणि दुसरीने त्याच क्षणी साधं पाणी अंगावर ओतून पंखा घालायला लागायचं. काखेत, मानेला, जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. गाडी यायची वाट बघत थांबायचं नाही, वाटेतही अंग ओलं ठेवायचं. तोंडात पाणी अजिबात नाही, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही नाही. ते तापावर चालतं, उन्हाने चढलेल्या उष्णतेवर त्याचा परिणाम होत नाही.

कूलर_दुरुस्तीवाला
एक भर. खोलीत भिंतीवरचा साधा थर्मामीटर लावा, मुलांच्या उंचीला आणि कूलरच्या झोतापासून दूर. बाहेरच्या आकड्यांवर विसंबू नका. मे २०२४ अखेर नागपुरात ५६ अंशांचा आकडा पसरला होता, हवामान खात्याने तो सेन्सरच्या बिघाडाने आल्याचं सांगितलं. दुपारी बारा, तीन आणि साडेपाचला खोलीचा आकडा वहीत लिहा. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागेपर्यंत कोणती खोली कधी रिकामी करायची ते त्यातूनच कळेल.